गोळीला वाट कुणी सांगितली

सवाल ऐकून माणसं आधी हसली, मग गप्प झाली.

नुकत्याच गौरी गेल्या होत्या. ऊन कलतं झालं होतं. वाडीच्या अंगणात शक्तीवाले आणि तुरेवाले असे दोन पक्ष समोरासमोर उभे होते. आमच्याकडे या खेळाला जाखडी म्हणतात. मधे शाहीर, ढोलकी आणि झांज, भोवती पायात घुंगरू बांधलेल्या गड्यांचा गोल. एका शाहिराने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच जवाब द्यायचा. शक्तीचा शाहीर हरिश्चंद्र, जाड आवाजाचा आणि तिखट जिभेचा. कानावर हात ठेवून त्याने सूर लावला.

तोंडावाटे पोटी गेली, पोटात विरली गोळी,
दुखणं बसलं गुडघ्यापाशी पसरून आपली झोळी.
ना डोळे तिला, ना पाय तिला, ना कुणी दिवा धरला,
सांग शाहिरा, गुडघ्याचा पत्ता गोळीला कुणी कळवला?

माणसं हसली, कारण गोळी कुणाची ते सगळ्यांना ठाऊक होतं. तुऱ्याचा शाहीर रावजी खेळाआधी मांडवामागे जातो, गोळी जिभेवर ठेवतो आणि वर घोटभर पाणी पितो, हे वाडीने कितीदा पाहिलं होतं. आणि माणसं गप्प झाली, कारण जवाब कुणालाच येत नव्हता. रावजीलाही नाही.

"सवाल घेतला," रावजी म्हणाला. "जवाब रत्नागिरीच्या सामन्यात."

"घे की," हरिश्चंद्र हात जोडून म्हणाला. "तोवर गोळ्या पुरल्या म्हणजे झालं."

घेतलेल्या सवालाला जवाब दिला नाही, तर तो पुढच्या गणपतीपर्यंत शाहिराच्या नावाला चिकटून राहतो. मग बाजारात, एसटीत, मयतालासुद्धा कुणीतरी विचारतंच, काय शाहीर, पोचली का गोळी गुडघ्याला?

रावजीला त्या विचारण्याची धास्ती होती. त्याची मुलगी निशिगंधा हिला धास्ती वेगळीच होती.

निशिगंधा फार्मसी शिकलेली. हातखंब्याच्या तिठ्यावर मेडिकलमध्ये पांढरा कोट घालून उभी राहते. उन्हाळ्यात रावजीला चक्कर यायला लागली, शौचाला डांबरासारखं काळं होऊ लागलं, तेव्हा तिनेच त्याला धरून शहरात डॉक्टरकडे नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, सूज मारायच्या गोळ्यांनी पोटात आतून जखम झाली आहे, रक्त गेलं आहे. गोळ्या बंद, पुन्हा रक्त गेलं तर जिवावर बेतेल. रावजीने मान डोलावली. पोट बरं होत आलं तसा गुडघा शहाळ्याएवढा सुजला. बाकीचे शाहीर गोलाच्या मधे बसून गातात. रावजीचा लौकिक असा की तो पहिलं गाणं, म्हणजे गण, गोलात नाचत नाचत गातो. उजवा पाय आपटला की अंगणातल्या चिऱ्यांना कळतं रावजी आला म्हणून. तो पाय बसवून ठेवणं त्याला जमणारं नव्हतं.

सामना संपल्यावर ढोलकीवाला केरू रावजीच्या ओट्यावर चहा पीत बसला होता. बोलता बोलता बोलून गेला.

"राजापूरला आम्ही घुंगरू बघायला गेलो ना, तवाच शाहिरांनी पाकिटं घेतली. म्हटलं, घरची मेडिकलवाली असताना..." आणि निशिगंधाचा चेहरा बघून त्याने उरलेला चहा एका घोटात संपवला.

"राजापूरला," निशिगंधा म्हणाली.

"तू देत नायस," रावजी खाली बघत म्हणाला. "मग माणसाने काय करायचं?"

आतून जनी आली. रावजीची बायको. बोलायला लागली की शाहीर कोण आणि शाहिराची बायको कोण ते कळत नाही. "पोरगी हातखंब्याला गोळ्या विकते आणि बाप गोळ्यांसाठी राजापूर गाठतो. माझ्यासाठी कधी लांज्याच्या पलीकडे गेला नाय हा."

"आज घेतली ती जेवून घेतली ना?" निशिगंधाने विचारलं.

"जेवून कशी घेईन? गण म्हटल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाय, ही आमच्या गुरूची शिस्त. सामन्याच्या दिवशी मी सकाळपासून कडकडीत उपाशी असतो."

"आणि गोळी?"

"गोळी काय अन्न आहे, बाय?"

निशिगंधाला रडू यावं की हसू, कळेना. इतकी वर्षं हा माणूस उपास मोडू नये म्हणून रिकाम्या पोटात निखारा टाकत आला होता, आणि त्याच्या लेखी ते पुण्यच होतं.

"ते मरू दे," रावजी म्हणाला. "तू शिकलेली आहेस. मला इतकंच सांग, गोळीला गुडघा सापडतो कसा? सवाल माझ्या डोक्यावर बसलाय."

बापाला ओरडून काही होत नाही, हे निशिगंधाला लहानपणापासून ठाऊक होतं. डॉक्टर ओरडून थकले होते. पण रावजीने गाण्यात दिलेला शब्द कधी मोडला नव्हता.

"सांगते. पण अट आहे. मी जे सांगेन ते सगळं गाण्यात यायला हवं. आवडेल तेवढं घेतलं आणि बाकी टाकलं, असं नाही."

"शाहिराचा शब्द," रावजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आपलंच कडवं जुळवून घेऊन आला. जनी पडवी सारवत होती, निशिगंधा कामावर जायला निघाली होती. त्याने दोघींना थांबवलं आणि हलक्या आवाजात गायला.

लेकरू रडता माय धावे, अंधारी काढी वाट,
तशी गोळी ऐके गुडघ्याचा हुंदका, धरी रक्ताचा घाट.

जनीचा हात शेणाच्या पाण्यात तसाच थांबला. लहानपणी निशिगंधा तापात फणफणायची तेव्हा हाच आवाज उशाशी असायचा.

"सुंदर आहे," ती म्हणाली. "पण खोटं आहे, बाबा."

"खोटं?"

"गोळीला काही ऐकू येत नाही. तिला गुडघा माहीतच नसतो. ती पोटातून रक्तात जाते आणि रक्त नेईल तिथे जाते. डोक्यात, हातात, काळजात. गुडघ्यातही जाते, इतकंच."

रावजी खांबाला टेकून बसला. त्याचा चेहरा पडला. "वाट माहीत नसलेली गोळी घेऊन मी हरिश्चंद्रासमोर उभा राहू? माणसं फिदीफिदी हसतील."

"आधी ऐका तरी." निशिगंधाने पिशवी खाली ठेवली. "गुडघ्यात झीज झाली, मार बसला, की तिथल्या पेशी हाक देतात. त्या हाकेचं नाव मोठं आहे. प्रोस्टाग्लँडिन."

"हे गाण्यात बसायचं नाय."

"बसवू नका. हाकच म्हणा. हाक उठली की रक्ताच्या वाटा रुंद होतात, रक्त धावून येतं, पाणी झिरपतं, जागा फुगते, गरम होते. नसा हळव्या होतात, म्हणून जरा हात लागला तरी कळ येते."

"म्हणजे सूज म्हणजे शत्रू नव्हे," रावजी सावकाश म्हणाला. "शेताची मेर फुटल्यावर धावून आलेली वाडी ती."

"तशीच."

"आणि वाडी एकदा आली की चहा झाल्याशिवाय हलत नाय," जनी सारवता सारवता म्हणाली. "म्हणून हा गुडघा उतरत नाय."

"हाक घालतो कोण?" रावजीने विचारलं. आता त्याची पाठ खांबापासून सुटली होती.

"पेशीत एक विकर असतं, एन्झाइम. ते ही हाक तयार करतं. त्याला एक अरुंद तोंड असतं. गोळी त्या तोंडात जाऊन बसते. मग हाक तयारच होत नाही."

"गोळी हाकाऱ्याच्या तोंडावर हात ठेवते," रावजी म्हणाला.

निशिगंधा बघतच राहिली. कॉलेजात फळ्यावर काढलेली ती आकृती तिने परीक्षेसाठी किती वेळा गिरवली होती. बापाने ती एका ओळीत उभी केली होती आणि कुठे रेघ चुकली नव्हती.

"अगदी तेच," ती म्हणाली. "आता पुढचं, ज्यासाठी अट घातली. हाकारे दोन आहेत. सख्खे भाऊ. एक बारा महिने घरात असतो, निमूट काम करतो. दुसरा एरवी नसतोच. कुठे जखम झाली, ताप आला, की येतो आणि आरडाओरडा करतो."

"एक गावात राहणारा आणि एक मुंबईकर," जनी म्हणाली. "आला की वाडी डोक्यावर घेतो."

तिघंही हसली. मग निशिगंधा म्हणाली, "गोळीला मुंबईकराला गप्प करायचं असतं. पण ती जन्मांध. तुमच्या गोळीला दोन्ही भाऊ सारखेच. ती गावातल्याच्याही तोंडावर हात ठेवते. आणि त्याची हाक कशासाठी असते ठाऊक आहे? पोटात आम्ल असतं, भाकरी जिरवणारं. ते पोटालाच जाळू नये म्हणून पोटाच्या आतून एक बुळबुळीत थर रोज धरावा लागतो. तो धरा, तो धरा, असं सांगणारी हाक त्याची. मूत्रपिंडाकडे रक्ताचा पाट वाहता ठेवणारी हाकही त्याचीच. तुम्ही दिवसभर पाण्याविना घाम गाळता, तेव्हा त्या पाटाला त्याचाच आधार असतो."

जनीने शेणाचा हात वर केला. ओली पडवी तिच्यापुढे चकाकत होती. "म्हणजे सारवणच की. पोटाचीही भुईच ती. रोज नाय सारवली तर उकरणारच."

रावजीची नजर सारवलेल्या भुईवर होती. निशिगंधाची एसटी चुकली ती चुकलीच.

पुढचे दिवस तो भाताच्या मेरेवर, आंब्याच्या कलमांच्या सावलीत, गुरांच्या मागे गुणगुणत फिरला. कधी ओळ जमली की लांबूनच हात हलवायचा. दोन भावांचं कडवं काही केल्या ढोलकीत बसेना. ते त्याने निशिगंधाला विचारून सोडून दिलं.

"एवढ्याने खोटं होत नाय ना?"

"नाही होत. पण पोटाचं सोडायचं नाही."

"शब्द दिलाय," तो म्हणाला.

पोटाचं कडवं त्याने घरात कुणाला ऐकवलं नाही. गोळ्या घेतो की नाही, तेही सांगितलं नाही. निशिगंधाने विचारलं नाही. जनीला मात्र राहवलं नाही. रात्री लेप लावताना ती म्हणाली, "गुडघा गरम लागतोय." रावजी म्हणाला, "लागू दे." यावरून काहीच कळलं नाही.

सामना रत्नागिरीत होता, रविवारी दुपारी, एका मोठ्या सभागृहात. मुंबईहून गणपतीला आलेली आणि अजून न परतलेली माणसं, मिरकरवाडा बंदराकडची काही मंडळी, दोन्ही बाजूंच्या वाड्या, सगळं भरलेलं. जनी पुढे जागा धरून बसली. निशिगंधा पाण्याची बाटली देण्याचं निमित्त करून पडद्यामागे गेली.

रावजी बाकावर बसला होता. फेटा बांधलेला, उजव्या पायात घुंगरू, गुडघा धोतरातूनही दिसेल इतका सुजलेला. सकाळपासून पोटात काही नव्हतं. त्याच्या तळहातावर ती गोळी होती. बाहेर झांज वाजायला लागली होती.

निशिगंधा दाराशीच थांबली. बोलली असती तर त्याने ऐकलंही असतं, एका दिवसापुरतं. ती बोलली नाही.

"शाहीर, टाका तोंडात, वेळ झाली," केरू ढोलकीची दोरी ओढत म्हणाला.

"टाकतो रे," रावजी म्हणाला. मग गोळीकडे बघत राहिला. "पण ही पोटात घालून मी ते कडवं म्हणू कसा? माझ्याच ओळी माझ्या पोटात भांडतील."

"मग नाचणार कसे?"

"नाचणार नाय." त्याने वाकून घुंगरू सोडले. वाकताना ओठ दातांखाली गेला. "गोल रघू फिरवील. मला मधे बसायला पाट दे. आणि जनीच्या पिशवीत भाकरी आहे, ती आण."

"गणाआधी?" केरूचा हात दोरीवरच राहिला. "आणि गुरूंची शिस्त?"

"गुरू असते तर म्हणाले असते, रावज्या, पोट सांभाळ, गळा त्यावरच उभा आहे."

त्याने गोळी केरूच्या हातात दिली आणि केरूने आणलेल्या भाकरीचा तुकडा पडद्याआड खाल्ला. तेव्हा कुठे त्याला निशिगंधा दिसली. तो ओशाळला नाही. पाण्यासाठी हात पुढे केला.

निशिगंधा जनीशेजारी जाऊन बसली. तुरेवाले आत आले आणि सभागृहात कुजबूज झाली. रावजी बसला. रावजी पाटावर बसला. शक्तीच्या बाजूला हरिश्चंद्र भुवया उंचावून बघत होता. गड्यांच्या पुढे राहून रघूने गोल धरला, पावलं पडली, पण ज्या पावलाची वाट बघत माणसं आली होती ते पाऊल पडलं नाही. निशिगंधाच्या मागे कुणीतरी म्हणालं, "संपला वाटतं रावजी." जनीने मागे वळून इतकंच म्हटलं, "कान आहेत ना? मग पाय कशाला बघता."

गण झाला, गौळण झाली. मग रावजीने झांज थांबवली. पाय लांब पसरलेला, मान ताठ. इतकी वर्षं गणातल्या नाचाच्या दमाने अर्धा विरून जाणारा त्याचा आवाज आज बसल्या जागेवरून अख्खा निघाला.

नाही डोळे, नाही कान, गोळी जन्मांध खरी,
गुडघ्याची ना ओळख तिला, फिरते घरोघरी.
रक्ताच्या या पाटामधून अंगभर ती वाहे,
हाकाऱ्याच्या तोंडावरती हात ठेवून राहे.

गोल फिरत होता. माणसं पुढे सरकून बसली होती. जवाब असा येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. वाट कुणी सांगितली असं विचारणाऱ्याला त्याने वाटच नाही असं सांगितलं होतं. मग त्याने आवाज खाली आणला, आणि निशिगंधाने आजवर न ऐकलेलं कडवं आलं.

गुडघ्यातला हाकारा गप, सूज गेली ओसरून,
पोटातला हाकारा गप, भुई गेली उकरून.
कोण म्हणेल सारवा आता, कोण घालील हाक?
उपाशी पोटी गिळशी गोळी, भुईची होते राख.

सभागृहातल्या बायका जनीकडे बघू लागल्या. बऱ्याच पुरुषांनी नकळत पोटावर हात नेला.

शेवटच्या कडव्यात शाहीर आपलं नाव, गाव आणि गुरूचं नाव गुंफतो. रावजीच्या तोंडून त्या जागी एकच नाव येत असे, त्याच्या वारलेल्या गुरूचं. आज त्याने ते नाव आधी घेतलं, कपाळाला हात लावला आणि पुढे गायला.

एका गुरूने सूर दिला, एकीने दिली दृष्टी,
निशिगंधा माझी गुरू झाली, तिनं सांगितल्या गोष्टी.
रावजी म्हणे, लेकीपाशी बसलो मांडी घालून,
जवाब तिचा, गळा माझा, सवाल टाका काढून.

निशिगंधाला वर बघवेना. आजूबाजूची माणसं वळून वळून बघत होती आणि ती ओढणीचं टोक मोजल्यासारखं बोटांत फिरवत होती. जनीने तिची हनुवटी धरून वर केली. "बघ की समोर. तुझं नाव घेतलंय, चोरी नाय केलीस."

पण हरिश्चंद्र सहजासहजी सोडणारा नव्हता. जवाब खरा निघाला की त्यातूनच उलटा सवाल काढायचा, हा त्याचा हक्क, आणि त्याला जवाब तिथल्या तिथे द्यायचा असतो, गोलाबाहेरच्या कुणाची मदत न घेता. तो उठला.

"गुरू समोर बसलाय म्हणतोस," तो हसून म्हणाला. "तिकडे बघायचं नाय हां, शाहिरा." आणि गायला.

अंगभर फिरते म्हणतोस गोळी, थंड करी तापाला,
मग बऱ्या माणसाने खाल्ली तर गारठा का नाही आला?

तापाचं निशिगंधा बोललीच नव्हती. गुडघा, पोट, मूत्रपिंड, सगळं सांगितलं होतं. ताप नुसता एकदा शब्दात येऊन गेला होता. जवाब तिच्या जिभेवर होता आणि जीभ बांधलेली होती. आता रावजी अडला, तर नुसता शाहीर अडणार नव्हता. गाण्यात घेतलेलं तिचं नावही त्याच्याबरोबर खाली येणार होतं.

रावजीने तिच्याकडे बघितलं नाही. त्याने डोळे मिटले. केरू ढोलकीवर एकच ठेका धरून राहिला, पुन्हा पुन्हा, शाहिराला जागा देत. गोल जागच्या जागी पावलं टाकत होता. रावजीचे ओठ हलत होते, जसे मेरेवरून चालताना हलायचे. मग त्याचं तोंड उजळलं, आणि निशिगंधाला कळलं की त्याला सापडलं.

ताप आला की हाक उठते, मुंबईकर घरी आला;
बऱ्या अंगी तो घरीच नाही, गोळी गप करील कुणाला?

आधी हसू फुटलं ते मुंबईहून आलेल्यांमध्ये. मग सगळं सभागृह हसलं, टाळ्या पडल्या, रघूने गोलात पाय असा आपटला की झांजवाला चुकला. निशिगंधा हसत नव्हती. हे तिने बापाला सांगितलं नव्हतं. गाण्यात न बसलेल्या त्या दोन भावांना तो मनात घेऊन हिंडला होता, आणि आज एका नव्या दारात त्याने त्यांना स्वतः उभं केलं होतं. तिच्या वर्गातल्या मुलांनी पाठ केलेलं तिच्या बापाला समजलं होतं. तिची मान आपोआप ताठ झाली.

हरिश्चंद्राने जवाब मानून कानाला हात लावला. सवाल फिटला.

खेळ संपल्यावर रावजीला पाटावरून उठता येईना. गुडघा आखडला होता. केरू आणि रघू धावले, पण हरिश्चंद्र आधी पोचला आणि त्याने हात पुढे केला.

"उठ, शाहिरा."

"उठतो. तू नीट धर. मी अंगाने जड आहे आणि आज जेवलोही आहे."

हरिश्चंद्राने त्याला सावकाश उभं केलं. मग इकडेतिकडे बघून आवाज एकदम बारीक केला. "निशिगंधा, बाय, माझीही कंबर दुखत असते गो. मीही तशाच गोळ्या घेतो, उपाशी पोटी. तुझ्या कानावर घालतो."

"आधी डॉक्टरांना दाखवा, काका," निशिगंधा म्हणाली. "आणि बाबांनाही उद्या मी पुन्हा नेणार आहे. गुडघ्यावर गोळीशिवायही उपाय असतात. शेक असतो, व्यायाम असतो, आणि लागलंच तर पोट सांभाळून द्यायचं औषध ते ठरवतील."

"ऐकलंस?" रावजीने हरिश्चंद्राच्या खांद्यावर भार टाकला. "आणि हिला आणखी काही विचारायचं असेल तर असं वाटेत नाय विचारायचं. दुकान नऊला उघडतं. रांगेत ये."

"तू राजापूरला जायचास म्हणे," हरिश्चंद्र म्हणाला.

"तेव्हा मी शिकलेला नव्हतो," रावजी म्हणाला, आणि लंगडत, पण छाती काढून, माणसांमधून चालू लागला.